क्रोम रिम फुटपाथला घासली तर आधी ओरखड्याचा रंग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या धरमपेठेत गाडी लावताना पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. 17 इंची क्रोम अलॉय (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची रिम), स्पोकच्या आतल्या बाजूलाही चकाकी, बाहेरच्या कडेवर चारेक इंचाचा ओरखडा, बोट फिरवलं की खरखर लागते. एक पेंटर म्हणतो, पुट्टी भरून क्रोम स्प्रे मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, चारही रिम री-क्रोम करून घ्या. कोणाचं ऐकावं?

तूर्तास दोघांचंही नको. पहिल्याचं काम पावसाळाभर टिकणार नाही आणि दुसरा सांगतो त्याची गरज आहे की नाही, हे रिम नीट पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. फोटोत सगळे ओरखडे सारखेच दिसतात. खरं तर इथे तीन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. चाक चालवायला धड आहे का? तुम्ही ज्याला क्रोम म्हणताय ते नक्की काय आहे? आणि ओरखडा अ‍ॅल्युमिनियमपर्यंत पोचलाय का? दिसण्याचा विचार त्यानंतर.

चाकाचं आधी. कडेला हळू घासलं असेल तर बहुतेकदा नुकसान वरवरचं असतं. पण आपल्याकडच्या सिमेंट रोडची कड आणि शेजारच्या गट्टूंची पातळी यात कित्येक ठिकाणी चांगला हातभर नाही तरी वीतभर फरक असतो. तिथे चाक घासत नाही, आदळतं. आदळलं असेल तर पुढचं सगळं आज संध्याकाळीच बघा.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर हात फिरवा. कुठे फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेत, टायर बाद. त्याला पॅच नाही, गरम शिक्का नाही, काही नाही. फुगा लगेच येतोच असं नाही, म्हणून पुढचे दोन आठवडे रोज सकाळी एक नजर टाकत जा. कापलेल्या जागी धागे दिसत असतील तरीही टायर बाद. मग हवा: आज थंड टायरमध्ये भरून आकडा लिहून ठेवा, उद्या सकाळी पुन्हा मोजा. एका रात्रीत 2 पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर बहुधा रिमची कड वाकली आहे, चीर गेली आहे किंवा वॉलला (हवा भरायच्या नळीला) मार बसला आहे. साबणाचं पाणी रिम आणि टायरच्या सांध्यावर, वॉलच्या मुळाशी आणि चाकाच्या आतल्या बाजूने लावून बघा. बुडबुडे कुठून येतात ते लगेच कळतं.

रिम वाकली का हे घरीही पाहता येतं. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा, नट सैल न करता पुढचं चाक जॅकवर उचला. जमिनीवर एक डबा ठेवून त्यावर पेन्सिल अशी टेकवा की तिचं टोक रिमच्या कडेपासून 2 मिलिमीटरवर राहील, आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट एकसारखी राहिली तर ठीक. फिरताना ती 1 मिलिमीटरहून जास्त कमी-जास्त होत असेल तर बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून नीट मोजून घ्या. पेन्सिल बाहेरची कड दाखवते. आतली कड जास्त नाजूक असते आणि ती चाक काढल्याशिवाय दिसत नाही. स्टिअरिंग सरळ धरून गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा स्टिअरिंगच वाकडं बसलं असेल, तर अलाइनमेंट करून घ्या. स्पोकला किंवा नटांच्या भोकांजवळ चीर दिसली तर पुढे काही वाचायची गरज नाही, ती रिम भंगारात. वेल्डिंग करून देणारे भेटतील, करून घेऊ नका. या रिम बहुधा सिलिकॉन-मॅग्नेशियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या, ओतून मग उष्णता देऊन कडक केलेल्या असतात. वेल्डिंगच्या आचेने नेमका तोच कडकपणा जातो, आणि जातो तो भार पेलणाऱ्या जागी.

हे सगळं ठीक निघालं असं धरून पुढे जाऊ.

आता क्रोम. बाजारात चकचकीत दिसणाऱ्या प्रत्येक रिमला क्रोम म्हणतात, पण त्या चार-पाच निरनिराळ्या वस्तू आहेत आणि एकीचा इलाज दुसरीला मारक ठरतो.

खरं क्रोम म्हणजे विजेच्या टाकीत चढवलेलं. त्यात तोंड स्वच्छ दिसतं, रंगात किंचित निळसर झाक असते, आणि स्पोकच्या बाजू व भोकांच्या आतही तीच चकाकी असते. छोटं ताकदवान चुंबक लावून बघा: अलॉयवर निकेलचा थर असेल तर अगदी हलकी ओढ जाणवते. चुंबक खटकन चिकटलं तर रिम पोलादी आहे.

दुसरा प्रकार क्लॅडिंग. म्हणजे साध्या अलॉयवर प्लास्टिकचा क्रोम केलेला मुखवटा चिकटवलेला. बोटाच्या पेराने टकटक केलं की आवाज पोकळ येतो आणि स्पोकच्या काठाला मुखवट्याची कड दिसते. तिसरा डायमंड कट. आपल्याकडे नव्या गाड्यांवर कंपनीतून जे चकचकीत येतं ते बहुतेक हेच, क्रोम नव्हेच. उघडं अ‍ॅल्युमिनियम लेथवर कापून वर पारदर्शक लॅकर दिलेलं असतं. उन्हात तिरकं धरून बघितलं तर जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतात. चौथा पीव्हीडी: पावडर कोटवर (भाजून बसवलेल्या रंगाच्या पुडीवर) निर्वात पेटीत धातूची वाफ बसवून वर लॅकर दिलेलं असतं. आणि पाचवा नुसता चंदेरी रंग. त्याबद्दल काय बोलायचं.

डायमंड कट असेल तर सुटलात. संगणकावर चालणाऱ्या (सीएनसी) लेथवर तोंड पुन्हा कापून लॅकर करता येतं. मात्र दर वेळी थोडी धातू जाते, त्यामुळे एका रिमला हे एकदा, फार तर दोनदा. क्लॅडिंगला तडा गेला असेल तर दुरुस्ती नाही, रिम बदलायची. पीव्हीडीत ओरखडा फक्त लॅकरमध्ये असेल तर पॉलिश होतं, धातूच्या थरापर्यंत गेला असेल तर सगळं उतरवून पुन्हा कोटिंग करावं लागतं. त्याचा खटाटोप एका रिमसाठी परवडत नाही.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे स्पोकच्या आतल्या बाजूलाही चकाकी आहे असं तुम्ही लिहिलंय त्यावरून, तुमचं खरं क्रोम वाटतं. म्हणून आता त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

क्रोमचा थर किती जाड असतो याचा लोकांना अंदाज नसतो. शोभेच्या क्रोममध्ये तो पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. आरशासारखी जी चमक दिसते ती खालच्या निकेलची. तो थर वीस-तीस-चाळीस मायक्रॉनचा असतो, बहुतेकदा त्याच्याखाली तांबं आणि सगळ्यात खाली अ‍ॅल्युमिनियम. क्रोम फक्त निकेलला काळं पडू देत नाही आणि ती निळसर झाक देतं. म्हणून क्रोमला टच-अप नाही. रंगात खड्डा भरून वर रंग मारता येतो. इथे वर मारायचा पदार्थ डबीत मिळतच नाही. डबीतला क्रोम स्प्रे म्हणजे लॅकरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड. मारल्याच्या दिवशी झकास दिसतो, हात लागू लागला की राखाडी पडतो.

पण याच रचनेमुळे एक सोय होते. ओरखड्याचा रंगच खोली सांगतो.

आधी जागा धुऊन घ्या, कारण निम्म्या वेळा जे ओरखडा म्हणून दिसतं ते दुसरंच काही असतं. क्रोम फार कडक असतं. सिमेंटमधल्या काळ्या गिट्टीपेक्षाही. हलकं घासलं तर रिमला कमी लागतं आणि फुटपाथचं सिमेंट, कडेला मारलेला काळा-पिवळा रंग आणि टायरचं रबर हेच रिमवर चिकटून बसतं. रिम थंड असताना बादलीभर पाणी आणि गाडीच्या शाम्पूने धुवा. रबराचे काळे डाग फडक्यावर थोडं रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन निघतात. रंगाचा डाग खऱ्या क्रोमवरून थिनरने पुसता येतो, पण कापडावर थेंबभर घेऊन, टायरला न लावता. क्लॅडिंग किंवा लॅकरवर थिनर लावलात तर आहे ते पण जाईल. चुंबक आणि टकटक आधी करायला सांगितलं ते याचसाठी. शेवटी क्रोम पॉलिश मायक्रोफायबरवर घेऊन हलक्या हाताने. भांडी घासायची तारेची घासणी नको, टॉयलेट क्लीनर तर अजिबात नको. त्यातलं आम्ल क्रोमच्या बारीक छिद्रांतून खाली जाऊन थर सोडवतं. वॉशिंग सेंटरवाल्यालाही बजावून ठेवा, 'रिमला अ‍ॅसिड मारायचं नाही'. कॉस्टिकवालं पाणीही नको, उघड्या अ‍ॅल्युमिनियमला ते खातं.

आता फडकं बाजूला ठेवून सकाळच्या उन्हात बघा. खूण निळसर चकचकीतच आहे आणि नख अडकत नाही? काही करू नका, पॉलिशने भागलं. खूण किंचित पिवळसर दिसते? क्रोम गेलंय, निकेल शाबूत आहे. हे लगेच बिघडणार नाही, पण उघडं निकेल हळूहळू निस्तेज होतं. दर महिन्याला मेण लावत राहिलात तर बराच काळ निभतं. लालसर रेघ दिसली तर तांब्यापर्यंत गेलात. आणि मळकट पांढरी-राखाडी, खरखरीत जागा दिसली तर ते अ‍ॅल्युमिनियम. बोटाला खरखर लागते असं तुम्ही म्हणता, म्हणजे चार इंचांपैकी काही भाग तरी या शेवटच्या प्रकारात मोडणार. बोट जपून फिरवा. सुटलेल्या थराची धार ब्लेडसारखी असते, रबरी हातमोजे घातलेले बरे.

अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं तर घाई कशाला, तर दोन वेगळ्या धातूंना पाणी मिळालं की बॅटरीसारखा विद्युत घट सुरू होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. उघडी जागा नखाएवढी आणि भोवती अख्ख्या रिमभर निकेल, म्हणून सगळी झीज त्या नखाएवढ्या जागेत एकवटते. पांढरी भुकटी धरते, ती फुगते, शेजारचा थर उचलते, त्याखाली आणखी पाणी जातं. टायर जिथे रिमवर बसतो त्या सांध्यापर्यंत ही भुकटी पोचली की हवा हळूहळू उतरायला लागते आणि पंक्चरवाला टायरमध्ये खिळा शोधत बसतो.

म्हणूनच पुट्टीला नाही म्हणतो. गुळगुळीत क्रोमवर ती धरत नाही, कडेने केसाएवढी फट राहते, पाणी आत जातं आणि वरून रंग असल्यामुळे खालची भुकटी दिसत नाही. पुढच्या टायर बदलण्यात तो तुकडा निघून येतो तेव्हा चार इंचांचे सहा झालेले असतात.

मग करायचं काय? ओरखडा कडेवर आहे आणि रिम सरळ आहे, तर माझा सल्ला: जागा सील करा, आरशाचा हट्ट सोडा. सामान फार लागत नाही. मास्किंग टेप, 400, 600 आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन घटकांचं पारदर्शक लॅकर. लॅकर गाडीच्या रंगाच्या दुकानात हार्डनरसह मिळतं, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच ठेवा.

ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना, शाबूत क्रोमवर, टेपचे दोन-तीन थर लावा. पेपर चुकून तिकडे गेला तर नवी जखम तुम्हीच कराल. जो थर आधीच सुटलाय तो लाकडी पट्टीने अलगद काढा. घट्ट आहे तो ओढून काढू नका. मग 400 ने फक्त उभे राहिलेले टोकदार काठ बसवा. खड्डा सपाट करायचा नाही, धार घालवायची. त्यानंतर 600, मग 1000, पाण्यासोबत, ओरखड्याच्या दिशेने. पांढरी भुकटी आधीच धरली असेल तर ती शेवटच्या कणापर्यंत निघायला हवी, नाहीतर लॅकरखाली तेच सुरू राहतं. धुवा, पूर्ण वाळवा, अल्कोहोलने पुसा आणि मग त्या जागेला बोट लावू नका. हाताच्या तेलानेही लॅकर सुटतं. बारीक ब्रशने लॅकरचा पातळ हात द्या. उघडी धातू झाकून भोवतीच्या क्रोमवर 1-2 मिलिमीटर आलं पाहिजे, म्हणजे टेप तेवढा मागे सरकवून मगच लावा. डब्यावर लिहिलेल्या वेळाने दुसरा हात. एक रात्र गाडी हलवू नका.

वेळ कोणती निवडता यावर बरंच अवलंबून आहे. नागपुरात मे महिन्यात दुपारी उन्हातल्या रिमला हात लावता येत नाही, लॅकर ब्रशवरच ओढायला लागतं आणि बुडबुडे राहतात. सकाळी नऊच्या आत, सावलीत करा. उलट जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकर दुधाळ पडतं. म्हणजे जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी उरकलेलं उत्तम. आत्ता लगेच जमत नसेल तर जागा धुऊन, वाळवून तात्पुरतं पारदर्शक नेलपॉलिश लावा. हसू नका, काही काळ पाणी अडवतं आणि नंतर रिमूव्हरने निघतं.

हे केल्यावर काय दिसेल तेही आधीच सांगतो: आरसा दिसणार नाही, साटीनसारखी एक चंदेरी रेघ दिसेल. उभ्याने बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, वाकून बघितलं तर येते.

ते चालणारच नसेल तर री-क्रोम. पण दुसरा गडी सांगतो तसं चारही नाही. बाकी तिघी शाबूत असतील तर त्यांना टाकीत बुडवून मिळणार काय? एकीचं नीट करायचं तर जुने थर पूर्ण उतरवणं, कडेवरचा खड्डा आर्गन वेल्डने अ‍ॅल्युमिनियम भरून घासणं (कडेच्या वरवरच्या खड्ड्यापुरतंच हे चालतं, वर म्हटलं तसं स्पोकला नाही), बफिंग, आणि मग पुन्हा सगळे थर. मोटारसायकलचे सायलेन्सर, हँडल करणारे प्लेटिंगवाले पुष्कळ, पण ते काम पोलादावरचं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतच एक ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि त्यावर निकेल बसत नाही. आधी झिंकेटच्या द्रावणात बुडवून जस्ताचा थर द्यावा लागतो. त्यामुळे भाव विचारायच्या आधी एकच विचारा, 'अ‍ॅल्युमिनियमला झिंकेट करता का?' समोरचा घुटमळला तर रिम उचला आणि निघा. दुसरी विचारणा निकेलच्या जाडीची: बाहेर, पाण्यापावसात राहणाऱ्या वस्तूला 25-30 मायक्रॉन तरी हवं. तिसरी, नट जिथे बसतात त्या जागा आणि हबला टेकणारी मागची बाजू ते झाकून ठेवतात का. तिथे जाड थर चढला तर पुढे तो दबतो आणि कसलेले नट सैल पडतात.

एवढं सगळं एका रिमसाठी जुळवताना होणारा खर्च आणि तशीच एक नवी किंवा वापरलेली रिम, यांची तुलना कराच. बऱ्याचदा रिम स्वस्त पडते. घेताना मागच्या बाजूचे आकडे जुळवा. समजा तुमच्या रिमवर 17x7J, 5x114.3, ईटी 45 असं असेल तर व्यास, रुंदी, नटांचं वर्तुळ आणि ऑफसेट चारही तेच हवेत, शिवाय मधल्या भोकाचा व्यासही. नवी असेल तर आयएसआय मार्क बघा. क्रोमचाच कंटाळा आला असेल तर चारही रिम पावडर कोट करणं हाही मार्ग आहे, मात्र क्रोम पूर्ण उतरवून. त्यावरूनच मारलेली पावडर सालीसारखी निघते.

विम्याचं तुम्ही जाता जाता विचारलंय. सर्वसमावेशक पॉलिसीत दावा करता येतो, पण अनिवार्य वजावट (तुमच्या खिशातून जाणारी रक्कम) 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनच्या गाडीला 2000 रुपये, शिवाय नो क्लेम बोनस जातो. नुसत्या टायरचं नुकसान झालं आणि गाडीला दुसरं काही झालं नाही, तर टायरचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. एका ओरखड्यासाठी दावा करू नये असं माझं मत.

टायरवाल्याकडे जाल तेव्हा उभे राहून काम करून घ्या. मशीनच्या जबड्यांना प्लास्टिकची टोपणं आहेत का बघा. बॅलन्सिंगची वजनं चिकटवायचीच लावायला सांगा. ठोकून बसवायच्या क्लिपा क्रोमची कड फोडतात, मग सील केलेलं सगळं वाया. नट गनने कचकचून न कसता शेवटचा कस टॉर्क पान्ह्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर, आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

लॅकर वाळलं की ओरखड्याशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढून ठेवा. दसऱ्याला गाडी धुऊन पूजेला काढाल तेव्हा तसाच दुसरा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. रेघ तेवढीच असेल तर लॅकरचा एक ताजा हात देऊन मोकळे व्हा. काठाशी पांढरं दिसलं किंवा क्रोमखाली फोड आला असेल तर पाणी आत गेलंय, आणि तेव्हा दुसरी रिम शोधायला लागा.